घरातील रेडॉनची चाचणी करताना या चुका टाळा

रेडॉन या किरणोत्सारी वायूला रंग, वास, चव काहीच नसल्यामुळे चाचणी फसली तरी ती फसल्याचे घरात कोणाच्याही लक्षात येत नाही. आकडा जास्त आला तर माणूस निदान पुन्हा तपासतो; चुकीने कमी आलेला आकडा मात्र निर्धास्तपणे कपाटात जाऊन पडतो.

गावात सर्रास होणारी चूक म्हणजे शेजाऱ्याच्या निकालावर विसंबणे. जमिनीतील युरेनियमचा टप्प्याटप्प्याने क्षय होताना तयार होणारा हा वायू फरशीच्या भेगांतून, भिंत व जमिनीच्या सांध्यातून आणि नळाभोवतीच्या फटींतून आत शिरतो. या वाटा प्रत्येक घराच्या वेगळ्या असल्याने लगतच्या दोन घरांतही मोठा फरक पडू शकतो. घर मोकळ्या रानात आहे, वारा भरपूर आहे, हेही उत्तर पुरेसे नाही; थंडीत दारे-खिडक्या लावल्या की घरातील उबदार हवा वर सरकते आणि तळाशी दाब कमी होऊन जमिनीतील वायू आत ओढला जातो.

कोळशाचा डबा (हवेतील रेडॉन शोषून घेणारा चाचणीचा डबा, जो नंतर प्रयोगशाळेत पाठवतात) अडचण नको म्हणून खिडकीत किंवा स्वयंपाकघरातील फळीवर ठेवू नये, कारण वाऱ्याची झुळूक आणि वाफ दोन्ही निकाल बिघडवतात. तो सर्वांत खालच्या वापरत्या मजल्यावरील खोलीत, जमिनीपासून निदान अर्धा मीटर उंचीवर ठेवावा. अल्पकालीन चाचणीच्या आधीचे १२ तास आणि चाचणी संपेपर्यंत खिडक्या बंद असाव्यात. नेहमीच्या ये-जा करण्याला हरकत नाही.

खरा घोटाळा होतो तो चाचणी संपल्यावर. डबा बंद करून टेबलावर राहतो, कोणी तालुक्याला जाईल तेव्हा टपालात टाकू म्हणून आठवडा जातो. रेडॉनचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे तो क्षय पावून निम्मा होण्यास लागणारा वेळ, सुमारे ३.८ दिवस असल्यामुळे आठ दिवसांत डब्यातील रेडॉन पावपटीपेक्षाही कमी उरतो. प्रयोगशाळा ही घट हिशेबात धरते, पण त्यासाठी सुरुवातीची व शेवटची तारीख आणि वेळ तिला कळायला हवी. नेमका तोच रकाना कोरा सोडलेला असतो.

दोन-चार दिवसांचा आकडा म्हणजे वर्षाची सरासरी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली संदर्भ पातळी दर घनमीटर हवेला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) आहे, आणि ती वार्षिक सरासरीसाठी आहे. निकाल तिच्या आसपास आला तर किमान तीन महिने चालणारी चाचणी करावी. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर चालढकल मुळीच नको, कारण रेडॉन आणि धूम्रपान या दोहोंमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे असेल आणि हवेतील पातळी जास्त आली असेल, तर पाण्याचीही तपासणी करून घ्यावी.

भेगा बुजवल्या म्हणजे काम झाले, असे मानू नये. फरशीखालून वायू खेचून छपराच्या वर सोडणारी नळी व पंखा हा अधिक भरवशाचा उपाय आहे. तो बसवल्यावर पंखा किमान २४ तास चालू द्यावा आणि मगच नवा डबा उघडावा.