प्रश्नाला उत्तर का मिळत नाही? या चुका टाळा

सोलापुरात प्रोग्रामिंग शिकवताना एक तक्रार मला वारंवार ऐकावी लागते: "सर, वेबसाइटवर प्रश्न टाकून दोन दिवस झाले, कुणीच उत्तर देत नाही." प्रश्न उघडून पाहिला की कारण बहुधा त्या प्रश्नातच सापडते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एररचा, म्हणजे प्रोग्राम अडल्यावर दिसणाऱ्या संदेशाचा, मजकूर न देता मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो टाकणे. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवर लोक स्वतःच्या वेळात, विनामोबदला उत्तरे देतात. फोटोतला कोड त्यांनी टाइप करून चालवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. बार्शीच्या एका विद्यार्थ्याने "पायथन फाइल वाचत नाही, अर्जंट" एवढेच लिहून असा फोटो टाकला होता आणि त्यात एररची शेवटची, सर्वांत महत्त्वाची ओळच कापली गेली होती. सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुक्यांच्या नावांची ती सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती ठेवणारी साधी मजकूर फाइल) होती. मी त्याला एकेक नाव वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रोग्राम चालवायला सांगितले. माढा, मोहोळ, करमाळा ही नावे वाचली गेली, जरी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत होती; बार्शी आणि अक्कलकोटला मात्र प्रोग्राम थांबत होता. फरक जोडाक्षराचा होता. अक्षरे संगणकात आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. ती फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये होती आणि त्यात हलन्त, म्हणजे जोडाक्षर बनवणारे पाय मोडल्याचे चिन्ह, ई०, ए५, ८डी अशा तीन बाइटनी (संगणकी आकड्यांनी) साठवला जातो. त्याच्या संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा ती फाइल विंडोज-१२५२ या दुसऱ्या एन्कोडिंगमधली समजून उघडत होती आणि त्याच्या अक्षरांच्या तक्त्यात ८डीला कोणतेच अक्षर नेमलेले नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचे सांगताच सगळी नावे नीट आली. कापल्या गेलेल्या ओळीत ८डीचा स्पष्ट उल्लेख होता.

फाइल वाचताना एररकडे दुर्लक्ष करायला प्रोग्रामला सांगण्याचा पर्याय त्याला एका मित्राने आधीच सुचवला होता. असा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही, कारण त्याने एरर लपते आणि नावे बिघडलेलीच राहतात. घाई करणारे नवशिके नेमके तिथेच समाधान मानतात.

दुसरी चूक म्हणजे संपूर्ण प्रोजेक्टचा कोड चिकटवणे. मी स्वतः रिकाम्या फोल्डरमध्ये नवी फाइल घेतो आणि एरर टिकून राहील तेवढ्याच ओळी ठेवतो. हे करताना अनेकदा उत्तर मलाच सापडते.

"मदत हवी" हे शीर्षक देऊ नये. प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती लिहावी. आधी काय करून पाहिले, तेही सांगावे.

उत्तर सापडले की ते त्याच प्रश्नाखाली नोंदवावे. त्या विद्यार्थ्याकडून मी ते त्याच संध्याकाळी लिहून घेतले.