जुन्या पिकअपला नवं स्टिअरिंग

पुढची चाकं सरळ ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हॉर्नचं बटण काढून खालचा नट सैल करा. पूर्ण काढू नका, नाहीतर स्टिअरिंग सुटून थेट तोंडावर येतं. हातोडी तर नकोच, कॉलम, म्हणजे स्टिअरिंगखालचा खांब, आतून दुखावतो. आमच्या इंदूरला सियागंज बाजारात पुलर, म्हणजे स्टिअरिंग ओढून काढायचं अवजार, मिळतो, तो आणा. ओढण्याआधी स्टिअरिंग कसं बसलंय त्याची शाफ्टवर, म्हणजे ज्या दांड्यावर ते बसतं त्यावर, खूण करा.

खरी गोम हबमध्ये, म्हणजे नवं स्टिअरिंग शाफ्टला जोडणाऱ्या तुकड्यात. त्याच्या खाचा शाफ्टशी तंतोतंत जुळायला हव्यात. भोकंही मोजा: मोमो कंपनीच्या स्टिअरिंगची सहा भोकं ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, नार्डी कंपनीची ७४च्या. दुकानदार "बैठ जाएगा भिया" म्हणेल. मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. बॅटरी जोडून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवत हॉर्न वाजवून पाहा.