शिष्यवृत्तीच्या पेपरात गुण कुठे गळतात: या चुका टाळा

जानेवारी लागला की नागपुरातल्या पालकांना एकदम शिष्यवृत्ती आठवते. मग सीताबर्डीवरून जाडजूड प्रश्नसंच येतात, घरात स्टॉपवॉच लागतो आणि "रोज एक पेपर" असं फर्मान सुटतं. मुलांचे गुण मात्र आहे तिथेच राहतात. कारण बरेचसे गुण न येण्यामुळे जात नाहीत, येत असून जातात. या चुका दरवर्षी त्याच असतात, आणि तेच तेच सांगून आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पाचवीचे दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. उत्तरं लिहायची नाहीत, उत्तरपत्रिकेवरचे गोल पेनने रंगवायचे. सगळ्यात मोठा घोळ या गोलांतच होतो.

एका सराव परीक्षेनंतर मानेवाड्याकडची एक आई पेपर घेऊन आली. "सर, भाषेत बरी आहे, पण गणित पार गेलं. दुसरी शिकवणी लावू का?" मुलीला ७५ पैकी ३४ प्रश्न बरोबर. मी गुण बाजूला ठेवले आणि चुका कुठे आहेत ते पाहिलं. पहिल्या २२ प्रश्नांत २० बरोबर, आणि २३ पासून पुढे नुसती पडझड. गणित कच्चं असतं तर पडझड २६ पासून हवी होती, कारण गणित तिथून सुरू होतं. मग ७५ वा गोल पाहिला. कोरा.

पोरीने २३ वा प्रश्न अडला म्हणून सोडला आणि २४ चं उत्तर २३ च्या गोलात भरलं. तिथून ५२ उत्तरं एकेक घर वर सरकली. त्यातली १४ बरोबर निघाली. चार पर्यायांत डोळे मिटून गोल भरले तरी १३ च्या आसपास जुळतातच. उत्तरं एक घर खाली सरकवून तपासली तर ५२ पैकी ४३ बरोबर. म्हणजे ६८ गुणांचा पेपर खरा १२६ चा होता! मी विचारलं, "शेवटचा गोल उरला, तेव्हा काही वाटलं नाही?" तर म्हणते, "मला वाटलं तो एक्स्ट्रा आहे, सर."

तिला काय बोलणार? "अडलं की सोड, पुढे पळ" हे आपणच शिकवतो. सोडलेल्या प्रश्नाचा गोलही सोडायचा असतो, हे दहा वर्षांच्या मुलाला कोणी सांगत नाही. मी मुलांना दर पाच प्रश्नांनी थांबवतो. प्रश्नपत्रिकेवरच्या क्रमांकावर डाव्या हाताचं बोट, गोलाच्या क्रमांकावर पेनचं टोक, दोन्ही आकडे मनात म्हणायचे, मग पुढे. सोडलेल्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेवरच मोठी खूण करायची. "आधी सगळं सोडव, गोल शेवटी एकदम भर" ही युक्ती काही क्लासवाले शिकवतात. मला ती अजिबात पटत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत ७५ गोल भरताना मोठी माणसंही चुकतील.

आणि हो, सराव पेपरसुद्धा गोलांवरच घ्या. वहीत १, ३, २, ४ असं लिहून सराव केलेल्या मुलाला परीक्षेच्या दिवशी गोल नवाच असतो.

दुसरी चूक माझ्या फार डोक्यात जाते: प्रश्न अर्धाच वाचणं. उदाहरण घ्या. "खालीलपैकी कोणत्या संख्येला ९ ने निःशेष भाग जात नाही?" पर्याय ४५३६, ७२८१, ३८४५ आणि ९००९. मुलगा पहिल्याच संख्येच्या अंकांची बेरीज करतो, १८ येते, खुशीत पहिला गोल रंगवतो. कसोटी पाठ आहे, बेरीज बरोबर आहे, गुण शून्य. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि घाई झालेलं पोट्टं तिथपर्यंत पोचतच नाही. यावर आणखी शंभर गणितं सोडवून काही होत नाही. माझा उपाय साधा आहे. आठवड्यातून एक दिवस पेपर द्यायचा, पण सोडवायला नाही. फक्त प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि काय विचारलंय ते आपल्या शब्दांत सांगायचं. "नाही", "फरक", "वगळून", "सर्वांत लहान" या शब्दांखाली प्रश्नपत्रिकेवर रेघ. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू द्या.

बुद्धिमत्तेच्या शॉर्टकटांचंही तेच. ई-जे-ओ-टी-वाय या इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५ हे घोकून घेतात, पण एम कितवा विचारलं की मूल ए पासून बोटं मोजतं. आधी वर्णमाला उलटसुलट म्हणता येऊ द्या, मग युक्त्या. आरशातली प्रतिमा तर पाठ करून येतच नाही. घरातला आरसा घ्या, कागदावर घड्याळ काढा, समोर धरा.

काही चुका एका ओळीत संपतात. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटी एकही गोल कोरा नको. प्रश्नपत्रिकेचा संच कोड सगळ्यात आधी भरा. एका प्रश्नाला दोन गोल रंगवले तर गुण गेलाच. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं, पण शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते, त्यामुळे पेढे जरा थांबून वाटा. ही परीक्षा पूर्वी चौथीला होती, २०१६-१७ पासून पाचवीला आली आणि आता पुन्हा चौथीकडे नेण्याचा निर्णय झालाय. मोठ्या भावाचा संच धाकट्याला देण्याआधी अभ्यासक्रम पाहा.

शाळांनाही एक सांगायचंय. "निकाल शंभर टक्के" असा फलक लावण्यासाठी वर्गातल्या आठ-दहा हुशार मुलांचेच फॉर्म भरू नका. बाकीच्या मुलांना हा पेपर कधी दिसतच नाही. पॅटच्या, म्हणजे शाळांत होणाऱ्या नियतकालिक मूल्यांकनाच्या, पायाभूत चाचणीतही काही ठिकाणी बाई फळ्याजवळून उत्तराचा इशारा करतात, वर्ग चांगला दिसावा म्हणून. ती चाचणी मूल कुठे अडलंय ते कळावं म्हणून असते. खोटे गुण भरले की वजाबाकीत हातचा न कळणारं मूल कागदावर हुशार ठरतं आणि वर्षभर कोणी त्याच्याकडे फिरकत नाही.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत केंद्राच्या आवारात वेगळीच परीक्षा चालते. बाप पहिला पेपर उघडून बसतो, "हे कसं चुकवलं बे?" पोरगं रडवेलं होतं आणि तसंच दुसऱ्या पेपराला आत जातं. माझ्या मुलांची पहिली प्रश्नपत्रिका मी दारातच काढून घेतो आणि दुसरा पेपर सुटल्यावर परत देतो. पालक चिडतात. उत्तरसूची राज्य परीक्षा परिषद नंतर संकेतस्थळावर टाकतेच, तेव्हा काय ते मोजत बसावं.