बॅरिएट्रिकनंतर वजन किती वेगात उतरतं आणि लोंबणाऱ्या कातडीचं काय करायचं

बॅरिएट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेलं ऑपरेशन. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं ठेवतात, बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. पहिलं म्हणजे दुसऱ्याचा आकडा आपल्याला लावायचा नाही. चाळीसगावच्या कुणाच्या तरी वहिनीचं दोन महिन्यात वीस किलो गेलं आणि माझं बाराच, म्हणून जेवण अजून कमी करणाऱ्या बायका मी बघते आणि जीव तुटतो, कारण ती वहिनी दीडशे किलोची असेल, तिचं बायपास असेल, तुमची स्लीव्ह, वय वेगळं, सगळंच वेगळं. हिशोब किलोत नाही, टक्क्यात करा. ढोबळ मानाने स्लीव्हमध्ये पहिल्या तीन महिन्यात मूळ वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास, सहा महिन्यात 20 ते 25 आणि वर्षभरात 25 ते 30 टक्के जातं. म्हणजे 120 किलोवरून सुरुवात केली तर वर्षाने 84 ते 90. बायपासला थोडं जास्त. साधारण दीड वर्षानंतर उतरणं जवळपास थांबतं, आणि पुढे दोन-चार किलो परत चढले तर ते बऱ्याच जणांचं होतं, घाबरू नका.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अडकतो, कधी कधी आठ-दहा दिवस हलतच नाही. आधी लिव्हर-स्नायूंमधली साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी भसाभस गेलेलं असतं, मग पातळवरून मऊ जेवणावर आलं की शरीर थोडं पाणी परत धरतं, चरबी मात्र आतून जातच असते. त्या दिवसात रोज काट्यावर चढू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, बस. आणि दोरी किंवा टेप घेऊन कंबर-दंड मोजून ठेवा, काटा अडकलेला असताना सुद्धा ते माप कमी होताना दिसतं.

आता कातडी. वर्षानुवर्षं ताणून राहिलेलं इलास्टिक जसं सोडलं तरी आवळत नाही तसंच कातडीतल्या तंतूंचं होतं. किती लोंबेल हे वय, किती वर्षं वजन होतं, किती किलो गेलं, घराण्यातली कातडी कशी आणि तंबाखू-सिगारेट आहे का यावर ठरतं. हळू उतरवलं तर कातडी आवळेल असं लोक सांगतात, पण ऑपरेशननंतर वेग आपल्या हातात फार नसतोच, आणि उपाशी राहून तो वाढवला तर स्नायू जातात, दंड-मांड्या अजून रिकाम्या दिसतात. क्रीम, तेल, मालिश याने कातडी मऊ होते, आवळत नाही. पाच हजाराचं क्रीम घेण्यापेक्षा ते पैसे पनीर-अंड्यांना घाला, मनापासून सांगते.

कारण आपल्या हातात आहे ते स्नायू टिकवणं. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि आपल्या खान्देशी ताटात ते वाटतं तेवढं नसतं. उडदाच्या डाळीची वाटी म्हणजे सहा-सात ग्रॅम, अंडं सहा, 100 ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, सोया वडी कोरडी 25 ग्रॅम घेतली तर बारा-तेरा. म्हणून आधी प्रोटीनचा घास, मग भरीत, भाकरी शेवटी, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी सुरुवातीच्या महिन्यात नकोच, छातीत अडकून बसते. शेवभाजीत बेसन असतं म्हणून ते प्रोटीनमध्ये धरू नका, तर्री तेलाची असते. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने, घोट घोट. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरण आणि आमरस एकत्र झाला तर, बायपासवाल्यांना जास्त, अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब, म्हणून माहेरच्यांना आधीच सांगून ठेवा, आग्रह करणाऱ्यांना नंतरचं दिसत नाही. चालणं पहिल्या दिवसापासून, वजन उचलण्याचा व्यायाम सर्जन हो म्हटल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी सुद्धा सुरू होतो.

उलट्या सारख्या होत असतील, पायाला मुंग्या, चालताना झोक जातोय, दोन-दोन दिसतंय, तर ते अशक्तपणा म्हणून घरी बसायचं नाही, बी-1 जीवनसत्त्व कमी झालेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केस मात्र तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतातच बहुतेकांचे, परत येतात.

आपल्याकडचा खरा त्रास उन्हाळ्याचा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात 45 च्या पुढे पारा जातो आणि पोटाच्या घडीत घाम साचून कातडी लाल, ओली, वास येणारी होते. साडीवाल्यांचं अजून अवघड, परकराचा नाडा बरोबर त्याच घडीत बसतो आणि संध्याकाळी सोडला की काळपट खाच आणि वर चिरलेली कातडी दिसते. नाड्याऐवजी रुंद पट्ट्याचा परकर घ्या किंवा घडीच्या वर बांधा. आंघोळीनंतर घडी उचलून टिपून कोरडी करा, घासू नका, मग मऊ सुती साडीचा धुतलेला तुकडा आत ठेवा आणि ओला झाला की बदला. पावडर भरभरून टाकली की घामात गोळे होऊन तेच टोचतं. आणि मेडिकलवरून खाजेची ट्यूब विचारून आणू नका, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि फंगस दुप्पट पसरतो. स्किनच्या डॉक्टरला दाखवा, आणि कागद फेकू नका, पुढे लागतील.

लग्नात "कितली वाळी गई वं माय" म्हणून दंडाची कातडी धरून बघणाऱ्या काकू भेटतात. तेवढ्यावरून घाईने कातडी कापून घ्यायचं ठरवू नका. वजन उतरत असताना केलं तर उरलेली कातडी पुन्हा लोंबते, आणि प्रोटीन-हिमोग्लोबिन कमी असेल तर जखम भरत नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष गेलेलं हवं आणि त्यातले निदान तीन ते सहा महिने वजन एका जागी थांबलेलं. मूल हवं असेल तर ते आधी, आणि तेही बॅरिएट्रिकनंतर 12 ते 18 महिने थांबून. तंबाखू, मिश्री, सिगारेट निदान महिनाभर आधी पूर्ण बंद.

पोटाचं ऑपरेशन दोन तऱ्हेचं, एकात नुसती लोंबणारी घडी काढतात, दुसऱ्यात स्नायू शिवून आवळतात आणि बेंबीही नव्या जागी बसवतात. दोन्हीत कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहतो, तो जात नाही, फिकट होतो. जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या काही दिवस, पोटाला पट्टा काही आठवडे, आणि साधारण दीड महिना हंडा-कळशी उचलायची नाही, म्हणजे घरात पाणी कोण भरणार हे आधी ठरवा. मेडिक्लेमवाले दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन देत नाहीत, पण वारंवार इन्फेक्शन होतंय, जखमा होतायत म्हणून डॉक्टरने गरजेचं आहे असं लिहून दिलं तर अर्ज करता येतो, तेव्हा ते स्किनवाल्याचे कागद आणि तारखेचे फोटो सोबत लावा आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी मागा.