जॉइनरवर विसंबू नका: प्रदर्शनासाठी रेल्वे लेआउट बांधताना

घरी जानेवारीत सुरळीत चालणारा मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे छोट्या रुळांचा मांडलेला देखावा, मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या एखाद्या हॉलमध्ये मांडला की तासाभरात गाडी अडखळायला लागते. समोर पोरांची गर्दी, त्यात कुणीतरी हमखास विचारतं, "का भो, बंद पडली का?" मग इंजिनाची चाकं पुसायची, रूळ पुसायचे, इंजिनच बदलायचं, असं सगळं होतं. दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतोच. तो रुळांच्या सांध्यात, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या चिमुकल्या जॉइनरमध्ये असतो. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, स्केल म्हणजे खऱ्याच्या तुलनेतलं माप, डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत; एवढं धरून पुढचं लिहितो.

आधी विषय. पहिल्याच लेआउटला भुसावळ जंक्शन करायला जाऊ नका. एचओ म्हणजे १:८७ स्केलमध्येही एक २४ मीटरचा एलएचबी (हल्लीचा लांब प्रवासी) डबा जवळजवळ २७६ मिमी भरतो. सहा डबे आणि एक इंजिन म्हटलं की जवळजवळ १.९ मीटर गेले, फलाट अजून बाकीच आहे. इतक्या लांब डब्यांना वळणाची त्रिज्या किमान ६० सेंमी लागते, ७५ असली तर दिसायलाही बरं. त्यापेक्षा चाळीसगाव-धुळे शाखेवरचं एखादं छोटं स्टेशन घ्या. किंवा पाचोरा-जामनेरची जुनी नॅरोगेज. ७६२ मिमीचा गेज १:८७ ने ८.७६ मिमी होतो, म्हणजे तयार मिळणारे एन गेजचे ९ मिमीचे रूळ त्याला चालून जातात. ब्रॉडगेजला हे सुख नाही. १६७६ मिमीचे खरे १९.३ मिमी व्हायला हवेत, आपण चालवतो १६.५ वर. भुसावळचा रेल्वेवाला प्रेक्षक ते एका नजरेत ओळखतो. ओळखू द्या.

लेआउट ज्यांवर उभा राहतो ते बोर्ड १२०० × ६०० मिमीचे करा. वर ९ मिमी प्लाय, खाली १२ मिमी प्लायच्या ७५ मिमी रुंद पट्ट्यांची चौकट. असे चार बोर्ड छोट्या हत्तीत आरामात बसतात. दोन बोर्ड जोडायला एम८ चे बोल्ट आणि विंगनट. पण बोर्ड नेमके जागेवर आणण्याचं काम बोल्टचं नाही, त्यासाठी धातूचे डॉवेल (एकमेकांत नेमके बसणारे खुंटी आणि भोक) बसवा. प्लायला वरून, खालून आणि कडांनाही रंग किंवा शेलॅक द्या. कडा सोडल्या तर पावसाळ्यात प्लाय तिथूनच ओल पितो. बोर्डाच्या टोकाला रुळांखाली पितळी स्क्रू ठोकून रूळ त्यावर सोल्डर करा आणि मगच बोर्डांच्या सांध्यावर कापा.

आता मुख्य गोष्ट. फ्लेक्सी ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळांचा) तुकडा ९१४ मिमीचा येतो. त्याचा रूळ निकेल सिल्व्हरचा, आणि तो ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली पत्र्याखालची दुपार यांत तेवढा फरक सहज पडतो. थंडीत रूळ टोकाला टोक लावून बसवले तर उन्हाळ्यात ते फुगून बाजूला सरकतात. म्हणून थंडीत टाकताना दोन रुळांमध्ये अर्धा मिमी, म्हणजे दीड-दोन व्हिजिटिंग कार्डांच्या जाडीची फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर जेमतेम कागदाएवढी पुरते.

फट ठेवायची म्हणजे जॉइनरमध्ये रूळ सरकता राहिला पाहिजे. इथेच सगळी गोची आहे. सरकता जॉइनर आज घट्ट असतो, सहा महिन्यांनी सैल पडतो, त्यात धूळ आणि बॅलास्टचा, म्हणजे रुळांखालच्या खडीचा, गोंद शिरतो. त्यातून वीज जाते, पण रडतखडत. जाणकार म्हणवणारे यावर सांगतात, "सगळे जॉइनर सोल्डर करून टाक." हा सल्ला थंड हवेच्या घरात चालेल, इथे सोल्डर केलेला सलग रूळ उन्हाळ्यात धनुष्यासारखा वाकतो. उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर. जॉइनरचं काम रूळ एका रेषेत धरायचं, वीज न्यायचं नाही.

बोर्डाखाली मुख्य बस, म्हणजे लेआउटभर वीज नेणारी जाड वायर, २.५ चौमिमीची, घरच्या वायरिंगला वापरतात तीच मल्टिस्ट्रँड तांब्याची. त्यातून प्रत्येक रुळाला ०.५ चौमिमीचा ड्रॉपर, म्हणजे बसपासून रुळापर्यंतची बारीक वायर, लांबी १५ सेंमीच्या आत. बाहेरचा रूळ लाल, आतला काळा, आणि हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. सोल्डरिंग रुळाच्या बाहेरच्या अंगाला. आतून केलं तर चाकाची कड त्यावर आपटते. रोझिन फ्लक्सच वापरा, नळकामाचा ॲसिडवाला नाही, तो सांधा आतून खातो. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला तर स्लीपर वितळत नाहीत. ड्रॉपर आणि बसचा जोडही सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळाल तर एप्रिलमध्ये टेपचा गोंद पाघळतो आणि वायर उघडी पडते.

"मल्टिमीटर तर सगळीकडे १५ व्होल्ट दाखवतोय," असं तुम्ही म्हणाल. दाखवणारच. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे सडका सांधाही त्याला ठणठणीत वाटतो. खरी परीक्षा अशी: डीसीसी सिस्टिम काढून ठेवा, सगळी इंजिनं उचला, ट्रॅकला १२ व्होल्ट ३ अँपिअरचा डीसी ॲडाप्टर लावा. सर्वांत दूरच्या टोकाला १२ व्होल्ट २१ वॅटचा बाइकच्या इंडिकेटरचा बल्ब रुळांवर जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. आता बल्बापाशी आणि ॲडाप्टरपाशी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. बल्ब पेटता ठेवून मीटरची टोकं एकेका सांध्याच्या दोन बाजूंना, त्याच रुळावर लावत जा. चांगला सांधा काही मिलिव्होल्ट दाखवेल. अर्ध्या ओहमचा सांधा जवळजवळ पाऊण-एक व्होल्ट दाखवतो. तोच चोर.

गाडी अडखळते तो त्यातल्या त्यात बरा प्रकार. वाईट प्रकार शॉर्टचा. समजा बूस्टर, म्हणजे डीसीसीत रुळांना वीज देणारं यंत्र, १५ व्होल्ट ५ अँपिअरचा आहे, आणि वाटेतले अर्ध्या-अर्ध्या ओहमचे पाच सैल जॉइनर व बारीक वायर मिळून साडेतीन ओहम झाले. दूरच्या टोकाला डबा घसरून शॉर्ट झाला तर करंट वाहणार ४.३ अँपिअर. पाचच्या आत! बूस्टरला हा शॉर्ट वाटतच नाही, तो इमानेइतबारे वीज देत राहतो. एकूण ६४ वॅट उष्णता, त्यातले एकेका जॉइनरवर ९ वॅट. प्लास्टिकचे स्लीपर आणि डब्याची बोगी (चाकांचा सांगाडा) वितळायला तेवढं पुष्कळ. म्हणून डीसीसी परत लावल्यावर दर दोन फुटांवर दोन रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. बूस्टर लगेच ट्रिप झालाच पाहिजे. एका जागी जरी नाही झाला, तर तो लेआउट प्रदर्शनात नेऊ नका.

आकडे बघून घाबरू नका. हे ओहमच्या नियमापलीकडे काही नाही. यातला सर्वांत चांगला गुरू म्हणजे गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन. खराब अर्थिंग शोधणं हे त्याचं रोजचं काम. व्हिडिओ बघून झालेल्या तज्ज्ञांपेक्षा तो दहा मिनिटांत जास्त शिकवतो.

पॉइंट म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा रूळ, आणि फ्रॉग म्हणजे त्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग. फ्रॉगमध्येही वीज असलेले, म्हणजे लाइव्ह फ्रॉगचे पॉइंट घेतले असतील तर फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर लावा आणि फ्रॉगची वायर मायक्रोस्विचमधून फिरवा. पॉइंट हलवणाऱ्या सर्वो मोटरच्या वायरी बसला समांतर नेऊ नका, नाहीतर पॉइंट उगाच थरथरतो.

बॅलास्टला क्रशरची कच उत्तम. चाळून बारीक रव्याएवढी घ्या, धुवा, वाळवा आणि तिच्यातून चुंबक फिरवा. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते सरळ इंजिनाच्या मोटरीत जाऊन चिकटतात. फेव्हिकॉल एकास तीन पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब. केळीच्या बागा, डोंगर, माणसं हे सगळं नंतर. नाण्याची परीक्षा पास होण्याआधी एकही झाड लावायचं नाही.

एक गोष्ट मात्र दमात घेऊन सांगतो. दोन बोर्डांमधल्या वायरीला घरातला तीन पिनी टॉप आणि सॉकेट कधीही वापरू नका. स्वस्त पडतो, सहज मिळतो, आणि हॉलमध्ये मदतीला आलेला कुणीतरी तो २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसतो. गोल धातूचे मल्टिपिन कनेक्टर घ्या, आणि वीज येते त्या बाजूला भोकांचा भाग ठेवा, पिनांचा नाही. २३० व्होल्ट लेआउटखाली येताच कामा नये. ॲडाप्टर बाहेर, तोही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). हॉलचं अर्थिंग आदल्या दिवशी तपासून घ्या.

प्रदर्शनाच्या दिवशी दर दोन तासांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत काजळी बसते. दुपारी प्रेक्षक नसतील तेव्हा वर जुनी सुती चादर टाका. आणि संध्याकाळी आवरताना आधी कनेक्टर सोडवा, मग बोल्ट; घाईत उलटं केलं तर बोर्ड सरकतो आणि कडेचे ड्रॉपर मुळासकट उपटतात.