कासची फुलं टिपताना ॲपर्चरच्या या चुका टाळा

सप्टेंबरात कास पठारावर सीतेची आसवं फुलली की अनेक जण ५० एमएमची लेन्स एफ/१.८ ॲपर्चरवर (लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप) ठेवून फुलाच्या अगदी जवळ जातात. पार्श्वभूमी छान पुसट होते, पण घरी मोठ्या पडद्यावर बघावं तर एका पाकळीची कड स्पष्ट आणि बाकी फूल धूसर! लेन्सला दोष देऊ नका. एफ/ पुढचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं तेवढा स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. जवळ जाल तसा तो आणखी आक्रसतो. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, ही लेन्स जाऊ शकते तितक्या जवळून, एफ/१.८ ला हा पट्टा जेमतेम २ मिमी असतो. एफ/८ ला तो ८ मिमीच्या आसपास जातो आणि एवढंसं फूल त्यात जवळजवळ मावतं. मागचं गवत दूर असेल तर एफ/८ लाही पुसटच राहतं, म्हणून फूल निवडतानाच त्याच्या मागे काय आहे ते बघा.

आता खरी अडचण वाऱ्याची. एफ/१.८ वरून एफ/८ वर आलात की प्रकाश विसाव्या हिश्श्यावर येतो. १/२००० सेकंदाचा शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/१०० वर घसरतो आणि डोलणारं फूल फरकटतं. हे फोकस चुकल्यासारखं दिसतं, पण ओळखणं सोपं आहे: शेजारचा दगड स्पष्ट आणि फूल एकाच दिशेला ओढल्यासारखं, तर दोष वाऱ्याचा. फुलाच्या पुढचं किंवा मागचं पान स्पष्ट असेल तर फोकसच सरकला. ॲपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ऑटो आयएसओ लावा, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता कॅमेरा ठरवेल, आणि किमान शटर १/२५० ठेवा. आयएसओ १६०० पर्यंत गेला तरी चालेल; त्याने फोटोत येणारे थोडे दाणे नंतर कमी करता येतात, हललेलं फूल सावरता येत नाही.

फुलांचा अख्खा गालिचा घ्यायचा म्हणून एफ/२२ लावणं ही उलट्या बाजूची चूक. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, सगळा फोटो मऊ पडतो, शिवाय सेन्सरवरची धूळ आभाळात ठिपक्यांसारखी दिसते. १८ एमएमची लेन्स, एफ/८, फोकस साधारण २ मीटरवर: १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ठोसेघरचा धबधबा रेशमी दिसावा म्हणूनही एफ/२२ नको. एनडी८ फिल्टर (लेन्सपुढे लावायची काळसर काच) तीन स्टॉप प्रकाश अडवतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे एफ/८ वर राहूनच एफ/२२ इतका मंद शटर मिळतो.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मात्र छिद्र बदलत नाही, धूसरपणा सॉफ्टवेअर रंगवतं. बारीक देठ त्यात हमखास कापले जातात. फुलांसाठी तो बंद ठेवा.