घरातल्या मटक्याचा हिशेब वहीत कसा उतरवायचा

मी इचलकरंजीत एका बचत गटाचं दप्तर सांभाळते. यंत्रमागावर आठवड्याला पगार होतो आणि गटाचा हप्ता थकला की मागे बऱ्याचदा आकडा, म्हणजे मटक्याचा जुगार, निघतो. बायका येऊन म्हणतात, "वहिनी, तुम्ही तरी त्यांना समजावा." समजावून मटका सुटलेला मी पाहिलेला नाही. वही घालून बसा. ती कशी लिहायची ते सांगते.

आधी खेळ समजून घ्या, म्हणजे "तुला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य घरात चालणार नाही. तीन पत्ते निघतात आणि बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे ओपन. ३, ६, ८ आले तर बेरीज १७, ओपन ७. नंतर पुन्हा तीन पत्ते: १, २, ९ ची बेरीज १२, क्लोज २. जोडी झाली ७२. एका आकड्याला रुपयाला नऊ मिळतात, जोडीला नव्वदच्या आसपास. भाव गावागणिक थोडा इकडेतिकडे. आकडे दहा, जोड्या शंभर. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावा, दहा जातील आणि नऊ परत येतील. राहिलेल्या एका रुपयावर आकडे लिहून घेणाऱ्या खालच्या बुकीपासून वरच्या मालकापर्यंत सगळ्यांची घरं चालतात, आणि त्यासाठी त्यांना लबाडीही करावी लागत नाही. केली तर आणखी मिळतं. आता निकाल मोबाइलवर येतो, पत्ते कुणी आणि कुठे काढले ते लावणाऱ्याला दिसत नाही. ज्या आकड्यावर कमी पैसे लागलेत तोच काढला, तरी आपल्याला कळणार कसं?

वहीत तीन रकाने पाडा: तारीख, लावले, आले. लावलेली रक्कम निकालाच्या आधी लिहायची. हा नियम मोडला की वही फुकट गेली, कारण निकालानंतर प्रत्येकाला "मी सातच लावणार होतो" असं आठवतं. ७२ आली आणि यांची ७१ होती, तर "एका घरानं हुकली" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट लावतात. ७१ असो की १८, गेलेले पैसे तेवढेच.

दुसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिंकलेले पैसे परत लावले तर तेही 'लावले'मध्ये लिहायचे. माणूस म्हणतो, "खिशातले शंभरच घातले, बाकी त्यांच्याच पैशावर खेळलो." ते पैसे हातात आले तेव्हाच घराचे झाले होते. शंभर रुपये एकदा फिरले की सरासरीने नव्वद उरतात, दुसऱ्यांदा ८१, तिसऱ्यांदा ७३, पाचव्या फेरीला ५९. शेकडा दहाचा तोटा छोटा दिसतो, पण तेच पैसे पुन्हा पुन्हा लागतात आणि पगार असाच जातो.

महिनाभर रागावू नका. ओरडलात की आकडा लावणं थांबत नाही, सांगणं थांबतं. बेरीज मात्र दर आठवड्याला त्याच्याच हातानं करून घ्या.

बेरीज समोर आली की उत्तरं येतात. पहिलं: "परवा साडेचार हजार लागले ते विसरलीस?" पन्नास रुपये लावलेली जोडी लागली की एकदम ४५०० येतात आणि ते साऱ्या गल्लीला कळतं. पण शंभर वेळा पन्नास लावले तर ५००० गेलेले असतात, आणि शंभर माणसांनी असं शंभर-शंभर वेळा लावलं तर सुमारे ३७ जणांना एकदाही लागत नाही. चहाच्या टपरीवर ते ३७ जण बोलत नाहीत.

दुसरं: "पाच तुंबलाय, आता येणारच." दहा आकड्यांपैकी एखादा गेल्या बावीस ओपनमध्ये न आलेला असणं ही कधीही पाहिलं तरी नेहमीची गोष्ट आहे. मटक्याच्या सुरुवातीला आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर ठरायचा, तेव्हा अंदाज बांधायला निदान बाजार तरी होता. १९६० च्या दशकात, मुंबईत मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात, पत्ते आले. आजच्या पत्त्यांचा कालच्यांशी काही संबंध नसतो. जुन्या निकालांचे चार्ट दाखवून आकडा विकणाऱ्याला एवढंच विचारा: तुला येणारा आकडा कळतो, तर तो मला का विकतोस? शंभर गिऱ्हाइकांना शंभर वेगळ्या 'फिक्स' जोड्या दिल्या की एकाला लागणारच, आणि पुढच्या खेपेला जाहिरात त्याचीच होते.

आता उधारी. सगळी देणी एका पानावर घ्या, कुणाचे किती आणि कशासाठी. किराणा, शाळेची फी, गटाचा हप्ता आधी. बुकीची उधारी शेवटी, कारण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेच्या पैशासाठी कोर्टात दावा लागत नाही. धमकी आली तर पोलिसांत जा. मात्र १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात खेळणाराही सापडतो, म्हणून आधी वकिलाला विचारा. खासगी सावकार असेल तर परवाना दाखव म्हणा. परवाना नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तो गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात.

ही देणी फेडायला गटातून नवं कर्ज काढू नका. वही किमान तीन महिने नीट चालल्याशिवाय मी तसा अर्ज पुढे सरकवत नाही, आणि यावर बायका माझ्यावर चिडतात. चिडू देत. अचानक रक्कम फेडली गेली की बुकी दुसऱ्याच दिवशी नवी उधारी देतो.

वही लिहूनही हात थांबत नसेल, झोप उडाली असेल, मरणाची भाषा तोंडी येत असेल, तर वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आपल्या माणसाला शेजारी बसवून फोन लावा. तो बोलत नसेल तर तुम्हीच बोला.